पोर्टफोलिओ साइट करायची की नाही: प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट

नोकरी बदलायचं ठरलं आहे. रेझ्युमेत "वेबसाइट" हा रकाना रिकामा आहे. ज्याला विचारावं तो म्हणतो, साइट पाहिजेच. का, असं विचारलं की उत्तर येतं, "हल्ली सगळ्यांची असते." एवढ्यावर काम हाती घ्यायला मी तयार नाही, म्हणून हाही एक प्रकल्प समजून नोंदी ठेवतो.

माझी बाजू अशी: बॅकएंडचं काम (पडद्यामागचा, सर्व्हरवरचा कोड; ब्राउझरमध्ये दिसणारा भाग तो फ्रंटएंड), बऱ्याच वर्षांचा अनुभव, आणि जवळजवळ सगळा कोड कंपन्यांच्या खाजगी रेपोंमध्ये, म्हणजे कोडच्या साठ्यांमध्ये. गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, जे उघडं आहे ते जुनं आणि विस्कळीत. लोकांना दाखवावं असं तयार काहीच नाही.

नियम एकच. निर्णय होईपर्यंत साइटसाठी एडिटर उघडायचा नाही. डेव्हलपरला साइट कर म्हटलं की तो आधी जेकिल, ह्यूगो आणि अ‍ॅस्ट्रो या साइट बनवायच्या साधनांची तुलना करत बसतो, मग थीम, मग फाँट. तोवर मूळ प्रश्न कुठेतरी मागे राहून जातो.

मूळ प्रश्न असा: हे पान कोण उघडणार, कोणत्या टप्प्यावर, आणि उघडल्यावर त्याला काय ठरवायचं असणार?

६ ऑगस्ट

दोघांशी बोललो. एक रिक्रूटर मैत्रीण, दुसरे माझे जुने टीम लीड, जे आता स्वतः माणसं घेतात.

मैत्रिणीचं उत्तर रोखठोक. "अरे, माझ्यासमोर एका जागेसाठी ढीगभर अर्ज असतात. मी पदनाम बघते, वर्षं बघते, टेक स्टॅक बघते, नोटीस पिरियड बघते. साइटची लिंक असली तर चांगलं, नसली तर माझं काही अडत नाही." लिंक कधी उघडतेस, असं विचारलं. "डिझाइनर असेल तर नेहमी. फ्रंटएंड असेल तर बऱ्याचदा. तुझ्यासारखा असेल तर हायरिंग मॅनेजरला पाठवते, बघायचं असेल तर तो बघेल."

लीड म्हणाले की ते इंटरव्ह्यूच्या आदल्या संध्याकाळी लिंका उघडतात. आधी गिटहब, मग वेळ उरला तर साइट. "मला उमेदवार पारखायचा नसतो रे त्या वेळी. मला प्रश्न हवे असतात. पंचेचाळीस मिनिटं बोलायला काहीतरी धागा लागतो. रेझ्युमेवर 'मायक्रोसर्व्हिसेस' लिहिलेलं असतं, त्यावरून मी काय विचारू?"

हे माझ्या डोक्यात नव्हतं. साइट म्हणजे चाळणीतून पार व्हायचं साधन असं मी धरून चाललो होतो. लीडच्या हिशेबात ती चाळणी झाल्यावर लागते, तीही बोलायला विषय म्हणून.

रेझ्युमेवर रिक्रूटरची पहिली नजर किती वेळ टिकते याचा लॅडर्स या नोकरीविषयक कंपनीने २०१८ मध्ये डोळ्यांच्या हालचाली टिपून अभ्यास केला होता. आकडा आला ७.४ सेकंद. कंपनीचा स्वतःचाच अभ्यास असल्याने तो जरा जपूनच घ्यायचा. पण तो चौपट करून धरला तरी त्यात ब्राउझर उघडून, साइट लोड होऊन, स्क्रोल करून काही वाचायला जागा नाही. पहिल्या चाळणीत साइटचा उपयोग जवळपास शून्य, असं मांडून पुढे जातो.

७ ऑगस्ट

कोणाला लागते याची ढोबळ मांडणी. फ्रंटएंडवाल्याला लागते, कारण तिथे साइट हाच कामाचा नमुना. फ्रीलान्सरला लागते, कारण त्याचा ग्राहक बहुधा कोड वाचणारा नसतो आणि गिटहबची लिंक त्याला काही सांगत नाही. पहिलीच नोकरी शोधणाऱ्याला किंवा दुसऱ्या क्षेत्रातून येणाऱ्याला लागते, कारण रेझ्युमेत अनुभवाच्या जागी ठेवायला त्यांच्याकडे दुसरं काही नसतं. अनुभवी बॅकएंड, डेटा, इन्फ्रावाल्यांना (सर्व्हर सांभाळणाऱ्यांना) ओळखीतून रेफरल मिळत असेल तर साइटविना सगळं सुरळीत चालतं.

मी या शेवटच्या गटातला. इथेच थांबावं असं वाटलं होतं. पण लीडचं ते "धागा लागतो" काही केल्या डोक्यातून जात नाही.

१० ऑगस्ट

साइट असो वा नसो, गिटहब उघडलं जाणार हे दोघांच्या बोलण्यातून स्पष्ट झालं. म्हणून आज फक्त तिथली साफसफाई.

प्रोफाइलवर जास्तीत जास्त सहा रेपो पिन करता येतात. माझ्याकडे सहा दाखवण्यासारखे नाहीत, त्यामुळे दोनच ठेवले. शिकताना केलेले सराव, कधीतरी फोर्क करून (दुसऱ्याच्या रेपोची आपल्या खात्यावर प्रत घेऊन) हातही न लावलेले रेपो, अर्धवट सोडलेला एक चॅटबॉट: काही खाजगी केले, काही आर्काइव्ह. आर्काइव्ह केलेला रेपो फक्त वाचता येतो आणि वर तशी पट्टी दिसते. "हे थांबलेलं काम आहे" हे सांगायला तेवढं पुरे.

२०२० पासून प्रोफाइलवर रीडमी, म्हणजे ओळख करून देणारी फाइल, दाखवायची सोय आहे. आपल्या युजरनेमच्याच नावाचा सार्वजनिक रेपो करायचा, त्यातला रीडमी प्रोफाइलच्या माथ्यावर दिसतो. चार ओळी लिहिल्या. बॅजेस, आकडेवारीची कार्डं, हलणारी चित्रं यातलं काही नाही.

प्रोफाइलवरच्या हिरव्या चौकोनांबद्दल थोडं, कारण लोक त्यांना उगाच घाबरतात. योगदानाचा तो तक्ता डीफॉल्ट ब्रँचवर (रेपोच्या मुख्य शाखेवर) गेलेले कमिट, म्हणजे कोडमधले नोंदवलेले बदल, मोजतो, फोर्कमधले मोजत नाही. खाजगी रेपोंतलं काम तपशील झाकून फक्त आकड्यात दाखवायचा पर्याय सेटिंगमध्ये आहे. पण कंपनीचं काम कंपनीच्या स्वतंत्र खात्यावरून किंवा दुसऱ्याच सर्व्हरवर होत असेल तर पोटापाण्यासाठी दिवसभर कोड लिहिणाऱ्याचा तक्ताही ओसाड दिसतो. आणि रोज एक अल्पविराम बदलून पुश करणाऱ्याचा हिरवागार. लीडना विचारलं, तुम्ही तो बघता का? "दिसतो. बघत नाही."

यातलं खरं महत्त्वाचं काम वेगळंच आहे. जुन्या रेपोंच्या इतिहासात एपीआय की (दुसऱ्या सेवेत शिरायची गुप्त किल्ली) किंवा पासवर्ड राहिलेले नाहीत ना, हे तपासणं. ताज्या कमिटमधून फाइल काढली तरी जुन्या कमिटमध्ये ती जशीच्या तशी असते. सापडलीच तर आधी ती की सेवा देणाऱ्याकडे जाऊन रद्द करायची आणि मगच इतिहास पुसायच्या मागे लागायचं. उलट क्रमाने केलं तर पुसण्याला अर्थ नाही, कारण तोवर कोणीतरी रेपोची प्रत (क्लोन) घेतलेली असू शकते. शिवाय कमिटसोबत ईमेल पत्ता जातो. गिटहब नोरिप्लाय पत्ता देतं, तो वापरला की वैयक्तिक पत्ता उघडा पडत नाही. नोकरी शोधताना आपण स्वतःच जगाला आपल्या रेपोंकडे बोलावतो, तेव्हा ही झाडलोट आधी.

१२ ऑगस्ट

दाखवायचं काय, हा प्रश्न साइटपेक्षा मोठा निघाला.

कंपनीचा कोड दाखवता येत नाही. गोपनीयतेचा करार आहे, आणि नसता तरी दाखवला नसता. समोर बसलेला माणूस लगेच विचार करतो की उद्या हा आमचाही कोड असाच दाखवेल. ग्राहकांची नावं, व्यवहारांचे आकडे, आर्किटेक्चरची मूळ आकृती, हे सगळं बाद. उरतं काय, तर अडचणीचा आकार आणि आपण घेतलेला निर्णय. "एकच काम दोनदा होऊ नये अशी रांग हवी होती, नवीन सेवा उभी करायला परवानगी नव्हती, हातात फक्त पोस्टग्रेस हा डेटाबेस होता." एवढं सांगितल्याने कोणाचं गुपित फुटत नाही, ही अडचण निम्म्या जगाची आहे.

भरतीविषयीच्या संशोधनात कामाचा नमुना या प्रकाराला जुना मान आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात नमुना-चाचणी आणि पुढची प्रत्यक्ष कामगिरी यांचा संबंध (शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे पूर्ण) ०.५४ आला होता, यादीत सगळ्यांत वर. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये तीच गणितं पुन्हा तपासली, आकडा वर नेणाऱ्या आधीच्या सांख्यिकी दुरुस्त्या फार सढळ होत्या असं दाखवलं, आणि तो आकडा ०.३३ वर आला. पहिल्या जागी आला ठरावीक प्रश्नांचा, आखीव इंटरव्ह्यू, ०.४२.

पोर्टफोलिओच्या बाजूने बोलणारे पहिला आकडा पुढे करतात. पण नमुना-चाचणी म्हणजे सगळ्या उमेदवारांना सारखंच काम, सारखाच वेळ, सारखीच मोजपट्टी. घरी निवांत केलेला, कोणाची किती मदत घेतली ते न कळणारा प्रकल्प त्यात बसत नाही. हल्ली तर एआय साधनाला चार वाक्यं सांगितली की चकचकीत पोर्टफोलिओ तयार होऊन मिळतो. साइट आहे यावरून माणसाला साइट करता येते, हा निष्कर्ष आता निघत नाही. पूर्वी निघायचा.

म्हणजे प्रकल्पाची किंमत त्यावर विचारलेल्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर देता त्यावर ठरते. पुन्हा लीडचाच मुद्दा.

तेव्हा साइट बाजूला. आधी एक छोटा रेपो करतो: पोस्टग्रेसच्या टेबलावर चालणारी कामांची रांग. मूळ कामातली एकही ओळ नाही, सगळं कोऱ्या पाटीवर.

१७ ऑगस्ट

रेपो तयार होत आला. कोड थोडाच आहे. वेळ गेला तो रीडमी लिहिण्यात, आणि तिथेच तो जायला हवा होता.

पहिल्या मसुद्यात वैशिष्ट्यांची यादी होती: "अनेक वर्कर, पुनर्प्रयत्न, प्राधान्यक्रम". वाचून कंटाळा आला. माहितीपत्रकासारखं वाटत होतं. सगळं खोडलं आणि चार गोष्टी लिहिल्या. अडचण काय होती, कोणते मार्ग नाकारले, कुठे मोडतं, आणि हे कधी वापरू नये.

थोडक्यात उतरवून ठेवतो, इंटरव्ह्यूआधी वाचायला होईल. वर्कर, म्हणजे कामं उरकणारा प्रोग्राम, रांगेतली ओळ "फॉर अपडेट स्किप लॉक्ड" लावून उचलतो. म्हणजे दुसऱ्या वर्करने कुलूप लावलेल्या ओळी तो थांबून न राहता ओलांडून जातो. ही सोय पोस्टग्रेसमध्ये ९.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ च्या जानेवारीपासून आहे. तिच्याच दस्तऐवजात बजावलेलं आहे की यातून डेटाचं सुसंगत चित्र मिळत नाही, सर्वसाधारण कामाला हे वापरू नका, पण रांगेसारख्या टेबलावर अनेक ग्राहक असतील तर चालेल.

काम चालू असताना वर्कर मेला तर कनेक्शन तुटतं, ट्रान्झॅक्शन (डेटाबेसमधले एकत्रच पक्के किंवा रद्द होणारे बदल) मागे फिरतं आणि ओळ पुन्हा मोकळी होते. इथपर्यंत सगळं गोड. पण मरण्याआधी त्याने बाहेर ईमेल पाठवून झाला असेल तर? तो ईमेल मागे फिरत नाही. पुढचा वर्कर तोच ईमेल पुन्हा पाठवतो. म्हणून प्रत्येक कामाला एकमेव ओळख-की, आणि पलीकडच्या सेवेने ती मानली पाहिजे. ती मानत नसेल तर "एकदाच आणि नक्की" हे वचन आपण देऊच शकत नाही. हे रीडमीत ठळक लिहिलं.

दुसरं: कामं लांबलचक असतील तर ट्रान्झॅक्शन तितका वेळ उघडं राहतं, व्हॅक्यूमला (पोस्टग्रेसच्या साफसफाईला) मेलेल्या ओळी उचलता येत नाहीत आणि टेबल फुगतं. त्यासाठी वेगळी रचना लागते. ओळीवर स्थिती आणि मुदत लिहून ट्रान्झॅक्शन लगेच संपवायचं, मुदत उलटली की काम दुसऱ्याने उचलायचं. दोन्ही रचना रेपोत ठेवल्या. वर्करला मध्येच मारणारी एक चाचणीही. ती चाचणी हा या रेपोतला सगळ्यांत बोलका भाग आहे, म्हणून रीडमीत पहिला आदेश तिचाच. क्लोन करा, एक आदेश द्या, वर्कर मरताना आणि काम परत उचललं जाताना बघा.

छापलं तर दीड पान होईल. यापेक्षा मोठं कोणी वाचणार नाही.

१८ ऑगस्ट

रेपो आहे, रीडमी आहे, पिनही झालं. मग साइट यापलीकडे काय देते?

आपला स्वतःचा पत्ता. दुसऱ्यांच्या जागेवर बांधलेलं कधीही जाऊ शकतं, याची उदाहरणं भरपूर. स्टॅक ओव्हरफ्लोवर डेव्हलपरना आपली कारकीर्द मांडायला "डेव्हलपर स्टोरी" नावाचं पान मिळायचं. ते आणि तिथला नोकऱ्यांचा विभाग ३१ मार्च २०२२ ला बंद झाले. त्याआधी २००९ मध्ये जिओसिटीज गेलं, त्याच्याबरोबर असंख्य वैयक्तिक पानं गेली. स्वतःचं डोमेन असेल तर मागची जागा बदलली तरी लिंक तीच राहते. जुन्या रेझ्युमेतली, तीन वर्षांपूर्वी कोणाला पाठवलेल्या ईमेलमधलीसुद्धा.

बाकीचे फायदे तपासले, फार ठरले नाहीत. नाव शोधल्यावर वर येणं: ज्यांचं नाव फारच प्रचलित आहे त्यांना थोडी मदत, पण तिथेही लिंक्डइन आधी येतं. छाप पडणं: कोणावर?

२० ऑगस्ट

संध्याकाळभर इतरांच्या पोर्टफोलिओ साइट बघितल्या. आपोआप टाइप होत जाणारं "नमस्कार, मी एक..." इतक्या ठिकाणी दिसलं की पुढे ते दिसताच टॅब बंद करू लागलो. रिक्रूटरही बहुधा तेच करत असावेत.

टक्केवारीच्या पट्ट्या. जावास्क्रिप्ट ९०%, पायथन ७५%. कशाच्या नव्वद टक्के? ज्याला भाषा खरोखर येते तो स्वतःला कमी देतो, ज्याला नुकती यायला लागली तो भरभरून देतो. हा हात दाखवून अवलक्षण करण्याचा प्रकार आहे. पट्टी नसती तर कोणी विचारलं नसतं. आता नक्की विचारतील.

काळ्या पार्श्वभूमीवर राखाडी अक्षरं, तीही बारीक. साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या डब्ल्यूसीएजी नियमांत साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५:१ इतका काँट्रास्ट सांगितला आहे, मोठ्या अक्षरांना ३:१. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये हे गुणोत्तर लगेच दिसतं. फ्रंटएंडची नोकरी मागणाऱ्याच्या साइटवर ते नापास असावं हे जरा जास्तच.

आणि मेलेल्या डेमो लिंका. सगळ्यांत जास्त वाईट याचंच वाटलं, कारण मागे खरी मेहनत होती. सर्व्हरची जागा देणाऱ्या हेरोकूने फुकट प्लॅन २८ नोव्हेंबर २०२२ पासून काढून घेतला, आणि तोवर शिकाऊ प्रकल्प लावायची ती ठरलेली जागा होती. ज्यांनी नंतर लिंका तपासल्या नाहीत त्यांच्या पोर्टफोलिओत आजही त्या तशाच लटकत आहेत. ज्या जागा अजून फुकट आहेत तिथे सर्व्हर वापरात नसला की झोपतो. रेंडर या तशाच सेवेच्या फुकट प्लॅनवर पंधरा मिनिटं कोणी आलं नाही की सेवा थांबते, आणि पुढच्या पाहुण्याला ती जागी होईपर्यंत पांढरा पडदा बघावा लागतो. पाहुणा म्हणजे इथे आदल्या संध्याकाळी घाईत लिंका उघडणारा लीड. तो थांबणार नाही. बॅकएंडचा डेमो जिवंत ठेवण्यापेक्षा अर्ध्या मिनिटाची स्क्रीन-रेकॉर्डिंग रीडमीत टाकलेली बरी. ती झोपत नाही.

सगळ्यांत उपयोगी वाटलेल्या साइट दिसायला सगळ्यांत साध्या होत्या. नाव, काय काम करतो, दोन-तीन कामांचं वर्णन, ईमेल. संपलं.

२३ ऑगस्ट

निर्णय: एकच पान. स्वतःच्या डोमेनवर, गिटहब पेजेसवरून (रेपोतल्या फाइली साइट म्हणून दाखवायची सोय). पेजेस ही सेवा २००८ पासून आहे, फुकट खात्यावर रेपो सार्वजनिक असला की पुरतं. साइटचा आकार १ जीबीच्या आत आणि महिन्याला १०० जीबी रहदारीची सैल मर्यादा, एका पानासाठी यात काळजी करण्यासारखं काही नाही.

आता एडिटर उघडायला हरकत नाही. जनरेटर नाही, फ्रेमवर्क नाही. एक एचटीएमएल फाइल, थोडं सीएसएस. जावास्क्रिप्टची एक ओळही नाही, त्यामुळे गूगलचे वेगाचे निकष, म्हणजे मुख्य मजकूर २.५ सेकंदांत, प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत, हे सगळे आपोआप सुटतात. वाचणाऱ्याचं यंत्र काळ्या थीमवर असेल तर पानही काळं होतं, तेवढी एक चैन.

मजकूर: नाव. एक वाक्य, कोणत्या प्रकारची कामं केली आणि आता कोणती हवीत. रांगेच्या रेपोवर एक परिच्छेद आणि लिंक. कंपनीतल्या दोन अडचणींवर प्रत्येकी एक परिच्छेद, नावं-आकडे गाळून. प्रसिद्ध करण्याआधी हे दोन परिच्छेद सध्याच्या मॅनेजरना वाचायला दिले. त्यांनी एक शब्द काढायला सांगितला, काढला. (नोकरी बदलतोय हे त्यांना माहीत आहे. माहीत नसतं तर हे परिच्छेद नोटीस दिल्यावरच लावले असते.)

काय नाही: फोन नंबर नाही, कारण तो एकदा उघड्या पानावर गेला की परत येत नाही. संपर्काचा फॉर्म नाही. स्टॅटिक (मागे स्वतःचा प्रोग्राम नसलेल्या) पानावर फॉर्म म्हणजे मध्ये तिसरी सेवा, आणि ती बंद पडली की निरोप हरवला हे कळतसुद्धा नाही. ईमेलची साधी लिंक. ब्लॉग नाही. एकच लेख असलेला, दोन वर्षांपूर्वीचा ब्लॉग नसलेल्या ब्लॉगपेक्षा वाईट दिसतो.

डोमेन जोडताना डीएनएसमध्ये (नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं याच्या नोंदींत): मूळ नावासाठी गिटहबच्या चार आयपी पत्त्यांचे ए रेकॉर्ड, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी सीनेम. त्याआधी खात्यात डोमेन व्हेरिफाय करून घेतलं. ते न करता उद्या पेजेस बंद केलं आणि डीएनएस तसंच राहिलं, तर दुसरा कोणीही आपल्या पत्त्यावर त्याचं पान लावू शकतो. मी डॉट डेव्ह घेतलं आहे. हे सगळं टॉप लेव्हल डोमेन ब्राउझरच्या एचएसटीएस यादीत (फक्त सुरक्षित जोडणीवरच उघडायच्या पत्त्यांच्या) असल्यामुळे सर्टिफिकेट येईपर्यंत साइट उघडतच नाही. घाबरायचं कारण नाही, थोडं थांबायचं.

२४ ऑगस्ट

मोबाइलवर तपासलं. फक्त कीबोर्डने फिरून बघितलं. लिंक चॅटमध्ये टाकली की नाव आणि एक ओळ दिसावी यासाठी ओपन ग्राफचे टॅग घातले.

रेझ्युमेत पत्ता पूर्ण अक्षरांत लिहिला, "माझी साइट" या शब्दांमागे लपवला नाही. पीडीएफ कोण छापतं, कोण कोणत्या प्रणालीतून चाळतं, कुठे लिंक गळून फक्त मजकूर उरतो, हे आपल्या हातात नाही. त्याच कारणाने दोन रकान्यांची नक्षीदार मांडणी सोडून रेझ्युमे एका रकान्यात आणला.

११ सप्टेंबर

अर्ज सुरू होऊन काही आठवडे झाले. निरीक्षणं, निष्कर्ष नव्हेत.

बोलावणी आली ती बहुतेक रेफरलमधून. थेट केलेल्या अर्जांपैकी बरेच शांत. साइटचा उल्लेख एकाही रिक्रूटरने केला नाही. साइटवर अ‍ॅनालिटिक्स लावलेलं नाही, त्यामुळे कोणी उघडली की नाही हे सांगता येणार नाही. मुद्दामच लावलं नव्हतं. लावलं असतं तर रोज आकडे बघत बसलो असतो, आणि कोण आलं ते तरीही कळलं नसतं.

रांगेच्या रेपोची गोष्ट वेगळी. एका तांत्रिक राऊंडमध्ये समोरच्या बाईंनी रीडमी आधीच वाचलेला होता. पहिलाच प्रश्न: "तुम्ही ऑर्डर बाय लावलंय, मग कामं त्याच क्रमाने पूर्ण होतील का?" नाही. उचलली त्या क्रमाने जातात, पूर्ण मात्र ज्याचं आधी होईल त्याचं. एकाच ग्राहकाची कामं क्रमानेच व्हायला हवी असतील तर त्या ग्राहकावर वेगळं कुलूप लागेल, आणि मग समांतरपणा कमी होईल. तिथून गाडी पुढे निघाली ती जवळजवळ शेवटपर्यंत त्याच विषयावर राहिली. फळ्यावर अनोळखी कोडं सोडवण्यापेक्षा हे मला कितीतरी सोयीचं. त्यांनाही असावं.

त्या रेपोवर गिटहबवरून आल्या की साइटवरून, हे विचारलं. "रेझ्युमेवर दोन्ही होतं. मी गिटहब उघडलं."

१३ सप्टेंबर

टीममधल्या ज्युनिअर मुलीने माझं पान बघितलं. तिची ही पहिली नोकरी, फ्रंटएंड, आणि तीही आता बाहेर बघते आहे. "मलाही असं एकच साधं पान पुरेल ना? तुम्हीच म्हणालात साइट कोणी बघत नाही."

तिला नाही पुरणार. माझं पान ही पत्र्याची पाटी आहे, दुकान आत रेपोत. तिचं कामच ब्राउझरमध्ये दिसतं, तेव्हा साइट उघडणारा माणूस तिच्या बाबतीत नमुनाच बघत असतो. मेनू कीबोर्डने उघडतो का, चित्रं येताना मजकूर खाली उडी मारतो का, अरुंद पडद्यावर तक्ता फाटतो का. रिक्रूटर मैत्रीणही म्हणालीच होती की फ्रंटएंडवाल्यांच्या लिंका ती उघडते.

तिच्या यादीत हवामान दाखवणारं अ‍ॅप, कामांची यादी आणि एका प्रसिद्ध व्हिडिओ साइटची नक्कल होती. हे तिघं प्रत्येकाच्या यादीत असतात. मी म्हटलं, तिन्ही काढ. ती चिडली. "मग उरतं काय?"

मग तिनेच आठवून सांगितलं: मागे एका संस्थेच्या स्वयंसेवकांसाठी तिने पाळ्या लावायचा तक्ता करून दिला होता. लोक अजून तो वापरतात. हे यादीतच नव्हतं, कारण "दिसायला खास नाही". तारीख निवडायचा घटक तिने स्वतः लिहिला आहे, कारण तयार मिळालेला स्क्रीन रीडरवर चालत नव्हता आणि एका स्वयंसेवकाला त्याचीच गरज होती. मी म्हटलं, हीच एक गोष्ट पूर्ण लिही. आधी काय अडत होतं, काय करून बघितलं, फोकस कुठे हरवत होता, त्या माणसाने वापरल्यावर काय बदललं. स्क्रीन-रेकॉर्डिंग लाव. संस्थेची परवानगी घे, माणसाचं नाव नको.

"पण सगळ्यांच्या साइट इतक्या चकचकीत असतात. माझी फिकी पडेल."

चकचकीत आता कोणालाही मिळते, असं मी म्हटलं. तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. ती एक अ‍ॅनिमेशन ठेवणार आहे. ठेवू दे. ज्यांनी यंत्रात हालचाल कमी करायचं सेटिंग निवडलं आहे त्यांच्यासाठी ते बंद होईल एवढं कर, असं सांगितलं. तिने ते लगेच लिहून घेतलं, आणि यावरही एक परिच्छेद होईल म्हणाली. होईल.

१८ सप्टेंबर

एक ऑफर हातात आहे, दुसऱ्या ठिकाणी शेवटचा राऊंड बाकी. साइटचा यात वाटा किती, हे वेगळं काढता येत नाही, आणि रेफरल देणारा मित्र तर म्हणतो, "मी तुझी साइट कधी बघितलीच नाही." रेपोचा वाटा नक्की आहे.

उरलेली कामं आज संपवली. साइटवर रेझ्युमेची पीडीएफ ठेवली होती ती काढली. पाठवलेली प्रत आणि साइटवरची प्रत वेगळी पडायला वेळ लागत नाही, आणि कोणती खरी हे विचारायची वेळ समोरच्यावर कशाला आणायची. डोमेनचं ऑटो-रिन्यू चालू केलं. रजिस्ट्रारकडचा संपर्काचा ईमेल याच डोमेनवरचा होता, तो बदलून बाहेरचा दिला. नाहीतर डोमेन संपल्याची सूचना नेमकी त्या डोमेनवरच येणार, जे तोवर बंद पडलेलं असेल. रेपोत पोस्टग्रेसच्या नव्या आवृत्तीवर चाचण्या चालवून बघायच्या आहेत, त्याचं तिकीट उघडून ठेवलं.